स्टर्नड्राइव्हच्या तक्रारी आणि बोटीत येणारं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. रामटेकचं खिंडसी, पेंचचं नवेगाव खैरी, गोसीखुर्दचा आंभोऱ्यापर्यंत आलेला फुगवटा. या पाण्यावर मोटरबोटी वाढल्या, पण स्टर्नड्राइव्ह उघडून पाहिलेला मिस्त्री जवळपास सापडत नाही, आणि कंपनीचं मॅन्युअल लिहिलेलं असतं बर्फ पडणाऱ्या देशांसाठी. मी गेली काही वर्षं हेच काम करतो. फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक विनंती आधीच करतो: पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय काहीही बुजवू नका.

१. स्टर्नड्राइव्ह म्हणजे नेमकं काय? आमच्याकडच्या ओबीएमपेक्षा ते वेगळं कसं?

ओबीएममध्ये म्हणजे आउटबोर्डमध्ये इंजिन, गिअर आणि पंखा (प्रोपेलर) सगळं एकाच खांबावर, बोटीच्या बाहेर टांगलेलं असतं. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला लागून बसतं. या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. इंजिनची ताकद ट्रान्सममधल्या मोठ्या भोकातून बाहेर जाते आणि बाहेरचा ड्राइव्ह ती दोनदा काटकोनात वळवून पंख्यापर्यंत नेतो. स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटानं १९५९ साली अ‍ॅक्वामॅटिक नावानं ही रचना बाजारात आणली, १९६१ मध्ये मर्क्रूझर आला. आपल्याकडे सेकंडहँड येणाऱ्या बोटींवर बहुतेक वेळा या दोघांपैकीच एकाचं युनिट दिसतं.

पुढचं सगळं समजायला एवढं ध्यानात ठेवा: ट्रान्समला पाण्याच्या पातळीखाली मोठं भोक आहे, आणि पाणी आत न येण्याची बरीच भिस्त एका रबरी नळीवर आहे. ती नळी म्हणजे बेलोज (प्रश्न ५).

२. ड्राइव्हमध्ये पाणी शिरलंय हे न उघडता कसं ओळखायचं?

गिअर ऑइल बघून. बोट ट्रेलरवर घ्या, ड्राइव्ह पूर्ण खाली करा आणि रात्रभर तशीच राहू द्या. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते खाली जमतं. सकाळी खालचा ड्रेन स्क्रू जरासा सैल करा आणि पहिले दोन-चार चमचे पांढऱ्या प्लास्टिकच्या वाटीत घ्या. वाटी पांढरीच हवी, काळ्या डब्यात काही कळत नाही.

आधी स्वच्छ पाण्याचे थेंब आले, तर पाणी शिरलंय आणि अजून तेलात घुसळलं गेलेलं नाही. ऑइल दुधाच्या चहासारखं आलं, तर पाणी शिरून बोट चालवलीसुद्धा गेली आहे. काळं आणि जळका वास असलेलं ऑइल म्हणजे ते तापलंय किंवा बरीच वर्षं बदललेलं नाही. नव्या ऑइलचा रंग कंपनीप्रमाणे निळसर, हिरवट किंवा मधासारखा असतो, त्यामुळे नुसता रंग वेगळा दिसला म्हणून घाबरू नका. गढूळपणा बघा.

ड्रेन स्क्रूला चुंबक असेल तर तोही बोटानं पुसून पाहा. काळसर, लोण्यासारखा लेप चालतो. नखाला टोचेल असा धातूचा तुकडा आला तर बोट पाण्यात उतरवू नका, गिअर किंवा बेअरिंग तुटायला लागलं आहे.

३. ऑइल दुधाळ निघालं. नवीन भरलं की झालं का?

नाही. नवीन ऑइलही चार फेऱ्यांत तसंच होईल. आधी वाट शोधा. ड्राइव्हचं सगळं ऑइल काढून त्यात हवेचा दाब देतात, साधारण १० ते १५ पीएसआय, म्हणजे गाडीच्या टायरच्या निम्म्याहूनही कमी. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, जास्त दाबानं चांगलं सील फुटतं. मग साबणाचं पाणी मारा आणि शाफ्ट हातानं फिरवत बुडबुडे शोधा. हीच तपासणी निर्वात पंपानंही करावी लागते, कारण काही सील बाहेरच्या बाजूला दाब धरतात, पण आत ओढलं की सोडतात. चालून तापलेला ड्राइव्ह खिंडसीच्या गार पाण्यात थांबला की आत नेमकं हेच ओढणं सुरू होतं.

पंख्याच्या शाफ्टचं सील (प्रश्न ४) माझ्या हातून सर्वांत जास्त वेळा बदललं गेलंय. त्यानंतर ड्रेन स्क्रूचे वॉशर. दहा-वीस रुपयांचा वॉशर लोक वर्षानुवर्षं तोच वापरतात. दर वेळी नवा टाका.

भरतानाची पद्धतही महत्त्वाची. ऑइल खालच्या भोकातून पंपानं वर चढवायचं. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑइल वाहू लागलं की आधी वरचा स्क्रू बसवायचा, मग पंप काढून खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि वरचे गिअर कोरडे फिरतात. ऑइल मरीन गिअर ऑइलच हवं. ट्रकच्या डिफरन्शिअलचं ऑइल थोडंसं पाणी मिसळलं तरी गिअरना वाचवू शकत नाही. वर्षातून एकदा किंवा १०० तासांनी, जे आधी येईल तेव्हा बदला.

४. तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा दोरा) अडकल्यानं खरंच सील जातं का? आम्ही तर ओढून काढून टाकतो.

जातं, आणि जे ओढून निघतं ते फक्त वरचं असतं. गोसीखुर्द आणि खिंडसीवर ढिवर बांधवांची नायलॉनची जाळी असतात. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, तेव्हा जाळ्याच्या तरंगांपासून लांबून जाणं हे आपलं काम. तरी कधीकधी तुटलेलं जाळं पाण्याखाली तरंगत असतं आणि पंखा ते गुंडाळून घेतो.

मागे एका बोटीचा पंखा काढला. बाहेरून सगळं स्वच्छ. पण पंख्यामागचा जाड वॉशर सरकवला तर शाफ्टभोवती तपकिरी, काचेसारखी चकचकीत बांगडी बसलेली. तंगूस घासून, वितळून तिथेच घट्ट झाला होता आणि त्याच्या धारेनं सीलची ओठासारखी कड कापली होती. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाचही पडली होती. खाच असलेल्या शाफ्टवर नवं सील टिकत नाही. हिंगणा एमआयडीसीत चांगला लेथवाला असेल तर त्याच्याकडून स्लीव्ह बसवून घेता येते, नाहीतर शाफ्ट बदलावा लागतो.

म्हणून जाळं अडकल्याची नुसती शंका आली तरी घरी येऊन पंखा काढा आणि वॉशरच्या मागे बघा. एरवीही दोन-तीन महिन्यांतून एकदा काढावा.

५. बेलोज किती वर्षं टिकतात? बाहेरून तर चांगले दिसतात.

बाहेरून दिसण्यावर जाऊ नका. बेलोज हार्मोनियमच्या भात्यासारखे घडीदार असतात आणि चीर पडते ती घडीच्या तळाशी. ड्राइव्ह पूर्ण वर उचला, एका बाजूला वळवा, टॉर्च घ्या आणि प्रत्येक घडी बोटांनी फाकवून पाहा. बारीक भेगांचं जाळं दिसलं, रबर कडक लागलं, तर बदलायची वेळ झाली. काही कंपन्या दर २ वर्षांनी बदला म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या बोटीचं रबर लवकर कडक होतं, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या पुढे मी कुणालाच जाऊ देत नाही.

एका ड्राइव्हवर सहसा तीन बेलोज असतात आणि तिघांची कामं वेगळी. मोठा यू-जॉइंटचा, म्हणजे ड्राइव्ह वळला तरी शाफ्ट फिरता ठेवणाऱ्या सांध्याचा बेलोज फाटला तर पाणी थेट बोटीत येतं. गिअरच्या केबलचा छोटा बेलोज फाटला तरी येतं, फक्त हळूहळू, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. एक्झॉस्टचा फाटला तर आवाज वाढतो, पण बोट बुडत नाही. तरी तो तसा सोडू नका, कारण गरम धूर शेजारच्या यू-जॉइंटच्या बेलोजवर मारत राहतो. आणि हो, उंदीर. घराच्या आवारात ठेवलेल्या बोटीचे बेलोज कुरतडलेले मी पाहिले आहेत. हंगामाच्या सुरुवातीला ही तपासणी केल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका.

६. बोटीच्या तळात पाणी जमतं. कुठून येतं ते कसं शोधायचं?

तळ आधी कोरडा करा. पंपानं नाही, फडक्यानं, अगदी खडखडीत. मग बोट ट्रेलरवरच ठेवून ट्रेलरसकट पाण्यात उतरवा, इंजिन बंद ठेवून. ट्रान्समच्या आतल्या बाजूला, जोडांखाली, पाइपांखाली टिश्यू पेपरचे तुकडे ठेवा. अर्ध्या तासात कोणता भिजला ते बघा.

इंजिन बंद असताना पाणी आलं, तर वाट ट्रान्समची आहे: बेलोज, ट्रान्समचं सील, पाण्याच्या नळीचा ट्रान्समवरचा जोड, नाहीतर तळाचं बूच. बूच आधी बघा. ते नीट न आवळल्यानं झालेली "गळती" शोधायला मी रामटेकपर्यंत गेलो आहे.

बंद असताना कोरडं आणि इंजिन चालवल्यावर ओलं झालं, तर दोष थंड पाण्याच्या वाटेत आहे. होज, क्लिप, वॉटर पंपाचं सील, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या जाड नळीचा) जोड. पाणी गरम येतंय का हेही हात लावून पाहा, गरम असेल तर ते इंजिनमधून फिरून आलेलं आहे.

पावसाळ्यात आणखी एक शक्यता असते, ते साधं पावसाचं पाणी. बोट शेडमध्ये घेऊन दोन दिवस कोरडी राहिली तर गळती शोधायची गरज नाही, ताडपत्री बदला.

७. तलावाच्या मधोमध असताना पाणी भरायला लागलं तर?

आधी सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट, मग बाकी सगळं. बिल्ज पंप, म्हणजे तळातलं पाणी उपसणारा पंप, सुरू करा. काठावर फोन करा आणि नेमकं कुठे आहात ते सांगा. मग इंजिन क्षणभर बंद करून पाण्याकडे पाहा. ओघ थांबला तर होज फुटली आहे आणि इंजिनचाच पंप बोटीत पाणी ओततोय. इंजिन बंदच ठेवा, वल्ही काढा किंवा दुसऱ्या बोटीकडून ओढून घ्या. ओघ तसाच राहिला तर आधी बूच तपासा. ते जागेवर असेल तर बेलोजचा संशय घ्या आणि इंजिन चालू आहे तोवर जवळच्या उथळ काठाकडे बेतानं निघा. गोसीखुर्दच्या फुगवट्यात पाण्याखाली वाळलेल्या झाडांचे बुंधे आहेत, घाईत त्यांच्यावर जाऊ नका. सामान वाचवायला कुणीही थांबायचं नाही.

८. तात्पुरतं एम-सील किंवा सिलिकॉन लावलं तर चालेल का?

बेलोजवर नाही. ड्राइव्ह वळला, उचलला की बेलोज ताणतो आणि लावलेलं सगळं सुटतं, बहुतेक वेळा पाण्यातच. ट्रान्समच्या जोडावर बाहेरून सिलिकॉन फासलं तर पाणी आत येणं थांबल्यासारखं वाटतं, पण ते लाकडात मुरत राहतं. जुन्या बोटींच्या ट्रान्सममध्ये फायबरच्या आत प्लायवूड असतं. ते कुजलं की ड्राइव्ह ज्या भिंतीवर लटकलाय ती भिंतच मऊ होते. ट्रान्समवर लाकडी हातोडीनं ठोकून ऐका: टणक आवाज यावा, थप्प असा नको.

९. बोट वळवताना मागून घरघर येते, सरळ असताना नाही. काय असेल?

गिंबल बेअरिंग. ट्रान्सममधून जाणारा शाफ्ट ज्यावर फिरतो ते बेअरिंग. घरघरीऐवजी कटकट असा तुटक आवाज असेल तर यू-जॉइंट. दोन्हींच्या मागे बहुधा एकच कारण असतं: बेलोजमध्ये पाणी शिरून गंज चढला. म्हणून नुसतं बेअरिंग बदलून थांबू नका, प्रश्न ५ मधली तपासणी करा.

ड्राइव्ह उतरवाल तेव्हा इंजिनची सरळ रेषाही बघून घ्या. त्यासाठी अलाइनमेंट बार नावाची दांडी असते, ती दोन बोटांनी आत सरकायला हवी. हातोडी लागत असेल तर इंजिनचे माउंट बसले आहेत आणि नवं बेअरिंगही जाईल. मर्क्रूझरचा अल्फा जातीचा ड्राइव्ह काढताना गिअर फॉरवर्डमध्ये ठेवतात, ब्राव्हो जातीचा काढताना न्यूट्रलमध्ये. ड्राइव्ह जड असतो, एकट्यानं पेलायला जाऊ नका.

१०. इंजिन तापतं. जलपर्णीमुळे असेल का?

असू शकतं. जलपर्णीची मुळं किंवा पॉलिथिन ड्राइव्हवरच्या पाण्याच्या जाळीवर चिकटलं की पाणी ओढलं जात नाही. इंजिन बंद करा, किल्ली खिशात ठेवा, ड्राइव्ह उचला आणि हातानं साफ करा.

जाळी साफ असूनही तापत असेल तर इम्पेलर पाहा, म्हणजे पंपातलं रबरी पात्यांचं चाक. मर्क्रूझर अल्फामध्ये ते ड्राइव्हमध्ये असतं, ब्राव्होमध्ये इंजिनवर. काढल्यावर पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधलाच पाहिजे, तो पुढे नळीत किंवा ऑइल कूलरच्या तोंडाशी अडकून बसतो आणि नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापतच राहतं.

घरी "नुसतं एकदा सुरू करून बघू" म्हणून पाण्याशिवाय इंजिन फिरवणं हा इम्पेलर जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. नळाला जोडायचे रबरी मफ्स मिळतात, ते लावा, पाणी सुरू करा, मगच चावी फिरवा. आणि वेग वाढवू नका.

११. रेस दिली की आवाज वाढतो, बोट मात्र पुढे जात नाही.

पंख्याच्या आतलं रबरी हब घसरतंय. हबपासून पंख्याच्या बाहेरच्या नळीपर्यंत ऑइल पेंटनं सरळ रेघ मारा, एक फेरी मारून या. रेघ तुटून पुढेमागे झाली असेल तर हब गेलं. रेघ जागेवर असेल तर पंख्याला मार बसलाय का, त्यात काही गुंडाळलंय का (प्रश्न ४) ते पाहा.

१२. इंजिन तर कारसारखंच आहे. कारचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसवला तर?

कृपा करून बसवू नका. ब्लॉक कारच्या जातीचा असतो हे खरं, आणि पिस्टनच्या कामात आपल्या मोटर मिस्त्रींचा हात कुणी धरू शकत नाही. पण कारमध्ये पेट्रोलची वाफ खाली रस्त्यावर निघून जाते. बोटीत ती हवेपेक्षा जड असल्यानं तळात साचते. मरीन स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू नये असे बंदिस्त असतात. कारचे नसतात. वाचलेल्या दोन-चार हजारांसाठी बोटीतली माणसं पणाला लागतात.

चालू करण्यापूर्वी ब्लोअर (तळातली वाफ बाहेर फेकणारं यंत्र) किमान ४ मिनिटं चालवा, मग तळाशी वास घ्या. वास आला तर चावी फिरवायची नाही, कुठलाही स्विच दाबायचा नाही.

१३. हंगाम संपल्यावर बोट कशी ठेवायची? ड्राइव्ह वर की खाली?

उभी ठेवताना खाली, म्हणजे बेलोज ताणाशिवाय राहतात. रस्त्यानं नेताना मात्र वर, आधार लावून, नाहीतर रामटेक रोडवरच्या एखाद्या स्पीड ब्रेकरला ड्राइव्हचा तळ घासेल. बूच काढून नाक उंच ठेवा. नागपुरात पारा शून्याखाली जात नाही, त्यामुळे मॅन्युअलमधलं पाणी गोठण्याचं प्रकरण आपल्यासाठी नाही. त्याऐवजी सावली द्या. आणि ऑइल हंगाम संपल्यावर बदला, सुरू होताना नाही: आत पाणी असेल तर ते पूर्ण पावसाळाभर गिअर गंजवत बसतं.

१४. अ‍ॅनोड कोणता लावायचा?

अ‍ॅनोड म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. समुद्रातल्या बोटीवर जस्ताचा असतो, तो इथे नीट काम करत नाही. निम्मा झिजला की बदला, त्यावर रंग मारू नका.

१५. मुंबईहून जुनी बोट घेतोय. काय बघू?

प्रश्न २ ची वाटी सोबत घेऊन जा. त्याखेरीज एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बघा. खाऱ्या पाण्यात ते आतून गंजतात, बाहेरून रंग मारला की ओळखू येत नाहीत. आतून सडले की पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून बरेच दिवस बंद असलेलं इंजिन चावीनं फिरवण्याआधी सगळे स्पार्क प्लग काढा. पिस्टनवर पाणी असेल आणि प्लग बसवलेले असतील तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनची ऑइल काठीही बघा. तिथलं ऑइल दुधाळ असेल तर ती ड्राइव्हची नाही, इंजिनची तक्रार आहे, खर्चही वेगळा आहे. विकणारा या दोन्हींची गल्लत करून "फक्त सील बदला" म्हणतो, तेव्हा सावध व्हा.

१६. ड्राइव्हचं ऑइल कमी होतं, पण तलावावर तवंग नाही, जमिनीवर थेंब नाही. जातं कुठे?

बेलोजमध्ये. ड्राइव्हच्या वरच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं की ऑइल यू-जॉइंटच्या बेलोजमध्ये साचतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. ड्राइव्ह उतरवल्यावर हातभर ऑइल बाहेर सांडतं. इंजिनजवळ ऑइलची बाटली असलेल्या मॉडेलमध्ये हे लवकर कळतं: पातळी घटली तर ऑइल जातंय, वाढली तर पाणी शिरतंय. तापल्यावर पातळी किंचित चढते, म्हणून गार असतानाच बघा.

१७. दाबाची तपासणी पास झाली, तरी ऑइल पुन्हा गढूळ. आता?

मागच्या वेळचं पाणी कप्प्यांत उरलेलं असू शकतं, एकदा बदलून ते सगळं निघत नाही. बदला, तास-दोन तास चालवा, पुन्हा बदला. तिसऱ्यांदाही गढूळ आलं तर सील फक्त गरम असताना सोडतंय असं समजा आणि चालवून आल्या आल्या, ड्राइव्ह कोमट असताना तपासणी करून घ्या. अल्फामध्ये वॉटर पंपाच्या खालचं सीलही या वेळी बदलून टाकावं.

१८. तळातलं तेलकट पाणी पंपानं तलावातच गेलं तर काय होतं? सगळेच सोडतात.

नवेगाव खैरीचं पाणी पेंच प्रकल्पातून नागपूरच्या नळाला येतं. तुम्ही सोडलेला तवंग आपल्याच माठाच्या वाटेवर असतो. तळात तेल दिसलं की बिल्ज पंप ऑटोवरून काढा, तेल शोषणारी फडकी पसरा, ती पिळून डब्यात भरा आणि उरलेलं पाणी किनाऱ्यावर ड्रममध्ये काढा. साबणाची पूड टाकून तवंग "गायब" करू नका, तेल तिथेच राहतं, फक्त दिसेनासं होतं. काढलेलं गिअर ऑइलही नाल्यात ओतू नका. वापरलेलं ऑइल गोळा करणारे परवानाधारक असतात, मोठ्या गॅरेजवाल्यांकडे त्यांची ये-जा असते, त्यांच्याच ड्रममध्ये द्या.

बोट बुडत असेल तर हा नियम लागू नाही. तेव्हा पंप चालू ठेवा आणि प्रश्न ७ प्रमाणे वागा.